द्राक्षांबरोबर गेलेलं पाणी

जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणाच्या पाण्यावर आम्ही तीस वर्षं द्राक्षं आणि टोमॅटो पिकवले. काही माल युरोपला गेला, बराचसा मुंबई, दिल्ली आणि बांगलादेशाकडे. आता बाग मुलाच्या हाती जाते आहे. परवा त्याने विचारलं, "आबा, हा जगाचा बाजार अजून तीस वर्षं टिकंल का?" त्याच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

१. माल बागेतून निघाला म्हणजे विकला गेला असं नाही.
२३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस तसंच राहिलं. आमची थॉमसन द्राक्षं तेव्हा न्हावाशेवाहून निघालेल्या कंटेनरमध्ये होती. पेटीत बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद असला तरी द्राक्षाला दिवस मोजूनच मिळतात. देठ सुकला की घडाची किंमत गेली. माल उशिरा पोचला आणि आमच्या हिशेबातून किलोमागे पैसे कापले गेले. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं. त्याच्या आदल्याच वर्षी खतांचं आणि मजुरीचं कर्ज झालं होतं. इतक्या लांबच्या वाटेवरचा प्रत्येक अडथळा शेवटी बांधावर येऊन थांबतो.

२. मोजमाप कोणासाठी होतं ते पाहावं.
एप्रिल छाटणीनंतर काडीचा जोम आवरायला सगळेच सीसीसी हे वाढरोधक फवारायचे. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत त्याचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. त्या वर्षी आमचे निम्मेच पैसे हाती आले. त्यानंतर मी फवारणीची वही कधी चुकवली नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही. तिकडच्या ग्राहकाच्या ताटात जाणारा अंश मिलिग्रॅममध्ये मोजला जातो. माझा धाकटा भाऊ मात्र तोंडाला टॉवेल गुंडाळून, अनवाणी पायांनी वीस वर्षं फवारत होता. त्याच्या अंगात काय उतरलं, हे कोणत्याही प्रयोगशाळेने विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

३. चढा भाव म्हणजे पीक नव्हे.
जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजार रुपये ओलांडले. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणायचं ठरवलं. सप्टेंबरात भाव इतका पडला की तोडणीची मजुरीही निघेना, तेव्हा उभ्या प्लॉटात मेंढरं सोडली.

४. पाण्याचा हिशेब पावतीवर नसतो.
मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे इथलं पाणी येडगावात येतं आणि डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. आवर्तन कधी सुटणार यावरून दर उन्हाळ्यात तालुक्या-तालुक्यांत भांडणं होतात. टँकरची वाट पाहणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. आणि द्राक्षाच्या मण्यात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. दहा टन द्राक्षं परदेशी गेली तर आठ टन पाणी गेलं. वेलीला वर्षभर पाजलं ते वेगळंच. माझ्या कोणत्याही विक्रीच्या पट्टीवर त्या पाण्याची किंमत लागलेली नाही.

व्यापार आपल्या भागाला नवा नाही. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जात होता, आणि यवन (ग्रीक) व्यापारी थेट जुन्नरला येऊन राहिले. इथल्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा लेख आहे. त्याने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी खोदवून दान दिली. दोन हजार वर्षांपूर्वीचा परदेशी माणूस इथे पाणी ठेवून गेला. आजचा बाजार इथलं पाणी घेऊन जातो. म्हणून मुलाला म्हणालो, बाजार राहील, पण या रीतीने नाही टिकायचा.

५. मल्चिंगचा प्लास्टिक पेपर कुजून जात नाही.
हंगाम संपला की आम्ही तो बांधावर जाळायचो. त्या धुरात पोरं खेळायची. उरलेल्या चिंध्या आजही नांगराला गुंडाळून वर येतात.

६. दुरुस्त करणारा माणूस सांभाळावा.
विहिरीवरची मोटार चार वेळा जळाली, चारही वेळा नारायणगावात रिवाइंडिंग करून आणली. अजून चालते. घरातले मोबाइल मात्र दोन-तीन वर्षांत बदलतात, कारण सुटा भाग मिळत नाही. कारखान्याला माल खपवायचा असतो. आपणही तो हौसेने घेतो, आणि हौसेसाठी जास्तीचं पीक काढायला जमिनीला आणखी पिळतो. माझ्या घरात हे झालं आहे.

७. गेल्या ऑक्टोबर छाटणीआधी मुलाने दीड एकरातली अर्धा एकर बाग तोडली. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. लोखंडी अँगल अजून तसेच उभे आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्यात हरभरा आहे. घरापुरता ठेवून बाकीचा आळेफाट्याला द्यायचा, असं त्याचं चाललंय. काल संध्याकाळी सूनबाईने त्यातले सोलाणे भाजून आणले आणि आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बसून खाल्ले.