गोळ्या सोडायला लावणारी पुस्तकं

जुळे सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या बायपोलरच्या रुग्णांच्या पिशवीत फाइलबरोबर हल्ली एखादं पुस्तकही असतं. औषधाशिवाय कायमचे बरे व्हा, असं सांगणारं. पानोपानी ओळींखाली पेनाच्या रेघा आणि लिथियमची स्ट्रिप मात्र न फोडलेली.

"पुस्तकानं गुण आला," असं घरचे सांगतात तेव्हा मी आधी झोपेचं विचारतो. "पहाटे तीनलाच उठतात, दमत नाहीत, नव्या धंद्याचे बेत चाललेत," असं उत्तर आलं की मला धास्ती वाटते. ही उन्मादाची चाहूल असते. या आजारात उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात, आणि मधल्या काळात माणूस बऱ्याचदा ठणठणीत असतो. त्या काळात पुस्तक हाती पडलं की श्रेय त्यालाच जातं. कमी झोपा, भल्या पहाटे उठा हा सल्ला तर इथे घातकच, कारण जागरणानेही उन्माद उसळू शकतो.

काही पुस्तकं मीठ तोडायला, कडक उपास करायला सांगतात. उन्मादावर दिलं जाणारं लिथियम घेणाऱ्यांना हे धोक्याचं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं हे औषध पुरेसं बाहेर टाकत नाहीत आणि रक्तातली पातळी चढते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घामाच्या धारा लागतात. त्यात कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी, तीही ही पातळी चढवते! हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर लिथियमची पुढची गोळी न देता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या. लिथियमची पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या सांगितल्या वेळी करा.

पुस्तकांशी माझं वैर नाही. के रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना स्वतःला बायपोलर आहे. लिथियम सोडल्याची केवढी किंमत मोजावी लागली, हे त्यांनी 1995 साली आपल्या आत्मकथनात लिहिलं. आजार समजावून देणारं असं पुस्तक जरूर वाचा.

गोळ्या नकोशा झाल्या, वजन वाढलं, हात कापतात, तर तसं स्पष्ट सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. गोळ्या एकाएकी बंद करू नका. आणि घरात कुणी मरणाची भाषा करू लागलं तर त्याला एकटं सोडू नका, 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.