जनरल जगन्नाथराव भोसले

आझाद हिंद सेनेची गोष्ट निघाली की आम्हा हैदराबादकरांच्या तोंडी पहिले नाव येते ते आबिद हसन यांचे. १९४३ साली नेताजींबरोबर पाणबुडीतून पूर्वेकडे आलेला हा गृहस्थ आपल्याच शहरचा. परंतु त्याच सेनेत अगदी वरच्या जागी एक मराठी गृहस्थ होते, हे गौलीगुड्यातील आमच्या मुलामुलींस ठाऊक असतेच असे नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ साली सावंतवाडीजवळील तिरोडे गावी झाला. डेहराडून व सँडहर्स्ट येथे शिकून ते इंग्रजांच्या सैन्यात अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, तेव्हा लेफ्टनंट कर्नल भोसले युद्धकैदी झाले. पुढे ते आझाद हिंद सेनेत गेले, तिच्या लष्करी कचेरीचे प्रमुख झाले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये नेताजींच्या हंगामी सरकारातही बसले. 'जनरल' हे पद त्यांना याच सेनेने दिले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. स्वातंत्र्य आले तरी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांस भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. आम्हांस हा निर्णय आजही बोचतो. सैन्याची एकी राखण्याचा विचार त्यामागे असेल, पण ज्यांनी सर्वस्व पणास लावले त्यांना पलटणीचे दार बंदच राहिले. सार्वजनिक कार्याचे दार मात्र उघडे होते. १९५२ च्या निवडणुकीत भोसले काँग्रेसतर्फे रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेत गेले, तर त्यांचे सहकारी शाहनवाज खान मेरठहून निवडून आले. पंडित नेहरूंनी भोसल्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री केले.

फाळणीने उखडलेल्या लक्षावधी कुटुंबांचा भार या खात्यावर होता. घर देता येते, कर्ज देता येते. पण आईबापांचे हाल डोळ्यांनी पाहिलेल्या पोरांचे काय करावयाचे? जुलै १९५४ मध्ये दिल्लीतील कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या संस्थेत भोसल्यांनी 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीते आणि नागरिकत्वाचे पाठ असा तिचा साधा क्रम होता. मुलांचे शिपाई करावयाचे काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मते हा आक्षेप अपुरा आहे: ज्याचे घरदार गेले, त्याला ठरल्या वेळी रांगेत आपली जागा आहे एवढेही मोठे वाटते.

योजना पुढे निर्वासितांपुरती न राहता इतर शाळांतही पसरली आणि शिक्षण खात्याकडे आली. तिचे शिक्षक तयार करण्यासाठी अलवारजवळ सरिस्का येथे केंद्र निघाले. १९६३ साली जनरलसाहेब वारले. शाळांतील अशा वेगवेगळ्या योजना एकत्र कराव्यात, असा सल्ला हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने दिला होता. त्याप्रमाणे १९६५ साली भोसल्यांची योजना 'नॅशनल फिटनेस कोअर'मध्ये विलीन झाली.