दाताच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून जाताना

वस्तीतली बारावी झालेली मुलगी दाताच्या दवाखान्यात लागली की घरचे सांगतात, "डॉक्टरकडे मदतीला जाते." तीन वर्षांनी विचारले तरी उत्तर तेच. तोवर ती नंबर लावते, केसपेपर काढते, हत्यारे धुते, सामान मागवते, उधारी लिहिते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत हाच कारभार बघणाऱ्याला मॅनेजर म्हणतात. तिच्याकडे काम आहे, कागद नाही.

कामातून शिकणे हलके नाही, हे जामखेडकरांना सांगायला नको. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित वस्तीतल्या बाया होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या जामखेडला येऊन शिकत, गावात जाऊन करत, अडलेले पुन्हा येऊन विचारत. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांना शिकवायला माणूस आणि वेळ ठरलेली होती. शिकवणे आणि राबवून घेणे यांतला फरक तोच.

काय शिकून घ्यावे

1. नोंदी: पेशंटची वेळ, केसपेपर, संमतीपत्र, औषधांची ॲलर्जी, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का ते.

2. निर्जंतुकीकरण: नुसते उकळून सगळे जंतू मरत नाहीत. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या हत्यारांना 121 अंश सेल्सियसवर 30 मिनिटे लागतात. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहावी.

3. कचरा: 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस आणि काढलेला दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात.

4. सामान आणि हिशेब: औषधांची मुदत, शिल्लक, रोजची जमा.

आधी स्वतःचा जीव

दाताच्या कामात रक्त आणि थुंकीशी रोजचा संबंध येतो. म्हणून हेपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस घ्यावेत: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कचरा हाताळणाऱ्यांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणे ही त्याच नियमांनुसार दवाखान्याची जबाबदारी आहे. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, लगेच डॉक्टरांना सांगून सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हावे लागते.

कायदा काय म्हणतो

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. त्यात लेखी करार, दरमहा विद्यावेतन आणि ठरलेली मुदत असते. 2019 च्या नियमांनी दहावीसाठी किमान 6,000 आणि बारावीसाठी 7,000 रुपये ठरवले. आजचा दर आयटीआयमध्ये विचारावा. ठरवून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जातींना जागा राखीव आहेत. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळतात, म्हणून दाखला आधीच काढून ठेवावा.

एक अडचण आहे. 30 किंवा जास्त माणसे असलेल्या संस्थेवर शिकाऊ घेण्याची सक्ती आहे, 4 ते 29 माणसे असतील तर मर्जी. एक डॉक्टर आणि दोन मदतनीस एवढाच दवाखाना या चौकटीत बसत नाही. अशा वेळी पगार, कामाचे तास आणि शिकवायच्या गोष्टी साध्या कागदावर लिहून सही घ्यावी, आणि सोडताना अनुभवाचा दाखला मागावा. मोठी रुग्णालये आणि लोणीच्या दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत करारावर जागा आहे का, तेही विचारावे.

आणखी एक गोष्ट आम्ही नेहमी बघतो. काउंटरची खुर्ची दुसऱ्याला, बादली आणि झाडू आपल्या मुलीला. झाडू मारण्यात कमीपणा नाही, पण तो सगळ्यांच्या वाट्याला यावा.

मुलीला पाठवण्याआधी आई-वडिलांनी सोबत जाऊन तीन प्रश्न विचारावेत: शिकवणार कोण? लस कधी? लिहून काय देणार? उत्तर मिळाले नाही, तर दुसरा दवाखाना बघावा.