पहिलं पुस्तक छापायला टाकण्याआधी

पोरी, कादंबरी पुरी झाली, हे ऐकून फार बरं वाटलं. पुण्या-मुंबईबाहेरून मोठं पुस्तक निघत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला आपलं श्रीरामपूर दाखव. रंगनाथ पठाऱ्यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ २०१९ साली तिथूनच निघालं, सुमती लांडे यांनी उभ्या केलेल्या शब्दालय प्रकाशनाकडून. पठारे संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे.

तू स्वतःच्या पैशानं काढणार म्हणतेस. काढ, पण आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची चौकशी कर. ते पहिल्याच पुस्तकाला मिळतं. एकदा छापून बसलीस की ती वाट बंद.

मजकूर डीटीपीवाल्याकडे गेला की खरी राखण सुरू होते. तू युनिकोडमध्ये टाइप केलंस आणि त्यानं दुसऱ्या फॉन्टमध्ये उतरवलं, की पहिला मार बसतो तो ‘ऱ्या’ला. आपल्या भागातल्या गोष्टीत ‘शेतकऱ्याचा’, ‘विहिरीच्या दुसऱ्या कडेला’ हे पानोपानी येणार. तेवढे शब्द आधी शोधून बघ. मग रफार, मग अवतरणचिन्हं. प्रूफ कागदावरच वाच, मोठ्यानं वाच, आणि शेवटचं प्रूफ तुझी गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दे. तुझे डोळे छापलेलं वाचत नाहीत गं, मनातलंच वाचतात. बोलीतले शब्द कुणी ‘शुद्ध’ करून ठेवले तर ते परत बसव, अजिबात भिडेला पडू नकोस.

फर्मा सोळा पानांचा धर. १६५ पानं झाली तर अकरावा फर्मा लागतो आणि त्यातली अकरा पानं कोरी जातात. पाच पानं आवळली की दहा फर्म्यांत बसतं. ऑफसेटवाला म्हणेल, पाचशे काढल्या तर प्रत स्वस्त पडते. ते खरंच आहे, पण न विकलेले गठ्ठे तुझ्या घरात पडतात, त्याच्या नाही. डिजिटलवर शंभर-दीडशे काढ. खपल्या की पुन्हा काढता येतात.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे भेटतील. प्रती किती, कधी, हक्क कुणाचे, हे कागदावर घे. छपाईची फाइल आणि मुखपृष्ठाची फाइल दोन्ही मागून घे, नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा सगळं जुळवत बसशील. आयएसबीएनसाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नकोस; दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था तो फुकट देते, लेखकाच्या नावानंही देते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं महिन्याभरात कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. इथं प्रकाशक तूच, तेव्हा तेवढ्या प्रती आधीच बाजूला काढ.

दुकानात ठेवलेल्या प्रतींची तारखेसकट सही घेत जा. दिवाळीनंतर हिशेब माग, आणि ज्यानं चोख दिला त्याच्याकडेच पुढचा गठ्ठा पाठव.