ई-रीडरवरील शोधन आणि समासातील टीप

मजकूर लिहून झाला म्हणजे काम संपले, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः शोधनाचे काम तेथूनच सुरू होते. आमच्या मच्छे गावी व बेळगावच्या पंचक्रोशीत तर त्याची गरज अधिकच आहे. एकाच मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर कन्नडात, घरच्या अर्जावर मराठीत आणि आधार कार्डावर इंग्रजीतही असते. कित्येक मुसलमान घरांत उर्दूची भर पडते. या लिप्यंतरात एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर शिष्यवृत्तीचा अर्ज अडून राहू शकतो. म्हणून अहवाल, अर्ज व याद्या तपासण्याच्या कामी ई-रीडर या वाचनयंत्राचा उपयोग कसा करावा, याचा येथे थोडक्यात विचार करू.

शोधनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. राहिलेल्या अक्षराच्या जागी काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहीत. अरबी-फारसी ग्रंथांतील समासाच्या टीपेला ‘हाशिया’ म्हणतात. संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पाठात कोणी पदरची ओवी घालू नये, असा दंडक घालून दिला. मूळ वेगळे आणि शोधकाचे म्हणणे वेगळे, हे शोधनाचे पहिले तत्त्व होय.

ई-रीडरवर हे तत्त्व सहज पाळले जाते. संगणकावर मजकूर उघडला की हात लगेच तो बदलू लागतो आणि मूळ काय होते, हे मागाहून उमगत नाही. ई-रीडरवर शब्दावर खूण होते, टीप निराळी राहते, मजकूर जसाच्या तसा असतो. शिवाय त्याचा पडदा कागदासारखा दिसतो. त्यात अतिसूक्ष्म कुप्या असून त्यांत विरुद्ध विद्युत्भाराचे काळे व पांढरे कण असतात. विजेच्या योगाने ते वरखाली होऊन अक्षर उमटते. पान बदलतानाच काय ती वीज खर्च होते, आणि उन्हातही अक्षर स्पष्ट दिसते.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. किंडलसारख्या यंत्रास स्वतःचा ई-मेल पत्ता असतो. त्यावर मजकुराची फाईल पाठवावी. वर्डची फाईल असल्यास अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पीडीएफचे पान मात्र ठरलेल्या मापाचे असते. सहा इंची पडद्यावर ते बारीक दिसते. अशा कामास पेनने लिहिता येणारे मोठे यंत्र सोयीचे. २०२२ साली आलेल्या किंडल स्क्राइबचा पडदा १०.२ इंची आहे.

दोन अडचणी ध्यानी ठेवाव्यात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टंकलेले मराठी यंत्रावर अर्थहीन अक्षरांचे होते. ते आधी युनिकोडमध्ये आणावे अथवा पीडीएफ करून पाठवावे. दुसरे, स्कॅन केलेले पान हे केवळ चित्र असते. त्यातील शब्द बोटाने निवडून खूण करता येत नाही.

तपासणी तीन वेळा करावी. प्रथम केवळ अर्थ पाहावा. दुसऱ्यांदा ऱ्हस्वदीर्घ व विरामचिन्हे. तिसऱ्यांदा फक्त नावे, तारखा आणि रकमा. या तिसऱ्या वेळी एकाने मूळ दाखला मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने यंत्रावर पाहावे. टीप त्रोटक पण स्पष्ट असावी : ‘नाव दाखल्याशी जुळवा’, ‘बेरीज पाहा’. ‘हे बरोबर आहे का?’ अशा मोघम टीपेने पुढच्याचा घोटाळाच होतो.

शेवटी सर्व टिपा मूळ फाईलीत एकाच जबाबदार व्यक्तीने उतरवाव्यात आणि शोधनापूर्वीची प्रत जपून ठेवावी. यंत्र खूण करण्यास साहाय्य करते. नाव कोणते खरे, हे मात्र त्या मुलाच्या पालकांनाच विचारले पाहिजे. संस्थेच्या प्रत्येक यादीस एवढे श्रम दिले जावेत, असे आमचे नम्र मत आहे.