‘स्वयम्’ची गोष्ट



होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिणच का राहते? कारण पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे. हा धडा तुम्ही शिकलात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांनी याच धड्याच्या आधारे ‘स्वयम्’ हा उपग्रह स्थिर ठेवण्याची योजना केली.

काम २००८ साली सुरू झाले. उपग्रहाचे वजन सुमारे एक किलो. अवकाशात सोडलेला उपग्रह गरगरत राहतो. तो थांबविण्यासाठी इंधन किंवा मोटर न वापरता मुलांनी आत चुंबक बसविले. ते सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला वळते, आणि खास धातूच्या कांड्या गरगरणे हळूहळू कमी करतात.

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने ‘स्वयम्’सह वीस उपग्रह कक्षेत नेले.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, काम आठ वर्षांचे! ज्यांनी आरंभ केला, ते तोपर्यंत पदवी घेऊन बाहेर पडले होते. उरलेले काम धाकट्यांनी पूर्ण केले.

पालकांना विनंती, मुले काही करू लागली की “याला गुण किती?” असे लगेच विचारू नका.

गृहपाठ : सुई चुंबकावर एकाच दिशेने घासा, बुचावर ठेवून पाण्यात तरंगवा. ती कुठे वळली ते वहीत लिहून आणा.

– मुख्याध्यापक