इंजिन ऑईलच्या डब्यावरचे आकडे

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिन ऑईलवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हुबळी-धारवाडमध्ये शिकणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांचे घर रिक्षावर, मालवाहू टेंपोवर नाहीतर एका दुचाकीवर चालते. त्या गाडीच्या पोटात काय ओतले जाते, हे आपल्याला कळले पाहिजे. ऑईलच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’, ‘१०डब्ल्यू-३०’ असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे भारी ऑईल, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. हे आकडे दर्जाचे नसून श्यानतेचे आहेत.

श्यानता म्हणजे काय? पाणी, शेंगतेल आणि काकवी ही तिन्ही एकाच उतरत्या ताटात ओतून पाहा. पाणी धावते, तेल सावकाश जाते, काकवी रेंगाळते. द्रवाचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकताना आतून जो विरोध होतो, त्याला श्यानता म्हणतात. कन्नडमध्ये यालाच ‘स्निग्धता’ हा शब्द आहे. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. आपल्या मराठीत स्निग्ध म्हणजे तेलकट किंवा मायाळू. म्हणून दोन्ही भाषांत वाचणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की येथे तेलकटपणाचा संबंध नाही. काकवी तेलकट नसते, तरी तिची श्यानता पुष्कळ असते.

श्यानता तापमानाबरोबर बदलते. थंडीत काकवी बरणीतून निघत नाही. तीच गरम केली की धार लागते. ऑईलचेही तसेच आहे. ४० अंश सेल्सिअसला असलेली श्यानता १०० अंशांना साधारण सात-आठ पटींनी कमी होते. म्हणून दुकानात ऑईल दोन बोटांत चोळून ‘हे पातळ आहे’ असे ठरवण्यात अर्थ नाही. बोटाची ऊब ३०-३५ अंशांची. चालत्या इंजिनात ऑईल १०० अंशांच्या आसपास असते.

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेत १९०५ साली मोटार अभियंत्यांची ‘एसएई’ ही संस्था स्थापन झाली आणि १९११ पासून तिने ऑईलचे वर्ग ठरवण्यास सुरुवात केली. आज मागचा आकडा प्रामुख्याने १०० अंशांच्या श्यानतेवरून ठरतो. श्यानता मोजण्याचे एकक ‘सेंटिस्टोक’ हे जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून आले. खोलीतल्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. ३० क्रमांकाचे ऑईल १०० अंशांना ९.३ ते १२.५, ४० क्रमांकाचे १२.५ ते १६.३ आणि ५० क्रमांकाचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत असावे लागते.

पुढचा आकडा थंडीचा. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. थंड इंजिन सुरू होण्याइतपत ऑईल हलते की नाही याची चाचणी २०डब्ल्यूसाठी शून्याखाली १५ अंशांवर, १०डब्ल्यूसाठी शून्याखाली २५ अंशांवर, तर ५डब्ल्यूसाठी शून्याखाली ३० अंशांवर घेतात. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. तेथे हा आकडा जीवनमरणाचा. आपल्या धारवाडात कडाक्याच्या थंडीतही पारा सहसा १० अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे गाडी सुरूच होणार नाही, ही भीती आपल्याला नाही. तरीही पुढचा आकडा लहान असलेले ऑईल सकाळी इंजिनाच्या वरच्या भागांपर्यंत लवकर पोचते, हा फायदा येथेही मिळतो.

मग उन्हाळा ३७-३८ अंशांचा म्हणून जितके घट्ट तितके चांगले का? गॅरेजमध्ये ‘गट्टी ऑईल हाकरी’, म्हणजे घट्ट ऑईल घाला, हा सल्ला फुकट मिळतो. ऑईल फार पातळ झाले तर धातूंमधला पडदा फाटतो व भाग एकमेकांवर घासतात, हे खरे. पण ते फार घट्ट असले तर अरुंद फटींत वेळेवर पोचत नाही आणि ते ढवळण्यात इंधन वाया जाते. अलीकडच्या इंजिनांतील फटी बारीक असतात, म्हणून कंपन्या त्यांत पातळ ऑईल सांगतात.

माझ्या मामांची मालवाहू रिक्षा निळसर धूर सोडू लागली. एका गॅरेजने घट्ट ऑईल भरून दिले. धूर थांबला आणि सर्वांना बरे वाटले. दोन महिन्यांनी धूर परत आला, तेव्हा पिस्टनच्या रिंगा झिजल्याचे आढळले. घट्ट ऑईलने झीज भरली नव्हती, फक्त झाकली होती. इंजिनाचे काम निघाले. गाडी आठ दिवस उभी राहिली, पण बँकेचा हप्ता थांबला नाही. दुरुस्तीचे बिल वहीत लिहिता येते. बुडालेल्या आठ दिवसांच्या भाड्याची नोंद मात्र कोणत्याही खात्यावर होत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेला ‘संधी खर्च’ मला तेव्हा नीट समजला.

श्यानता जुळली म्हणजे काम संपले असेही नाही. डब्यावर ‘एपीआय’ या अक्षरांपुढे ‘एस’ असेल तर ऑईल पेट्रोल इंजिनाचे, ‘सी’ असेल तर डिझेलचे. काही डब्यांवर दोन्ही असतात. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती येथे गेली तर क्लच घसरू लागतो. म्हणून अशा मोटारसायकलीसाठी ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्यामुळे तिला ‘एमबी’ चालते. उदाहरणार्थ, होंडा अ‍ॅक्टिव्हासाठी १०डब्ल्यू-३० एमबी सांगितलेले असते, तर रॉयल एनफिल्डसाठी १५डब्ल्यू-५० एमए२. दोन्ही ऑईल चांगलीच, पण अदलाबदल करण्याजोगी नव्हेत.

तेव्हा मित्रहो, खरेदीचा क्रम असा ठेवावा. प्रथम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून श्यानतेचा वर्ग पाहावा. नंतर ‘एपीआय’ व ‘जासो’ची अक्षरे जुळवावीत. किमतीची तुलना त्यानंतर, आणि तीही सारख्या वर्गाच्या डब्यांमध्येच करावी. किती किलोमीटरला बदलायचे हे पुस्तिकेवरून ठरवावे, रंगावरून नाही. ऑईलमधील द्रव्ये काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळे पडते, ते त्याचे कामच आहे. अधूनमधून डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. ती वारंवार खाली जात असेल, तर घट्ट ऑईल न शोधता मिस्त्रीकडून इंजिन तपासून घ्यावे. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचे मॉडेल व साल सांगितले की योग्य वर्ग कळतो.